लेहच्या वळणवाटांवर मोटरसायकलींचा समूहप्रवास : पूर्वनियोजनाचे स्वरूप

बर्फ हटवून मनाली–लेह महामार्ग वाहतुकीस खुला झाला, की देशाच्या सर्व भागांतून मोटरसायकलस्वारांचे जथे लडाखकडे निघतात. त्यांतील बहुतेकांची तयारी वाहनाभोवती फिरते. कोणती मोटरसायकल, कोणते टायर, कोणते जॅकेट यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते. कोणत्या गावी कितव्या रात्री मुक्काम करावा आणि दहा-बारा जणांनी एकत्र वाहने चालवायची म्हणजे नेमके काय करायचे, हे दोन प्रश्न मात्र बहुधा निघण्याच्या आदल्या दिवशी उरकले जातात. या प्रवासात जे बिघडते ते बव्हंशी या दोन प्रश्नांपाशीच बिघडते.

एकट्या स्वाराच्या तुलनेत समूह सुरक्षित असतो, हा समज अर्धाच खरा आहे. पंक्चर झाले, क्लच केबल तुटली किंवा एखादा आजारी पडला, तर सोबत्यांचा आधार मोठा असतो. परंतु नागमोडी रस्त्यावर समूहामुळे एक धोकाही निर्माण होतो. पुढचा दिसेनासा झाला की मागचा वेग वाढवतो, आणि तो वेग त्याच्या कौशल्याचा नसून पुढच्याच्या कौशल्याचा असतो. हा ताण सर्वाधिक जाणवतो तो रांगेतील सर्वांत नवख्या स्वाराला. म्हणून नियोजनाचा आरंभ नकाशापासून न करता माणसांपासून करणे श्रेयस्कर.

कोणाबरोबर, किती जण

घाटरस्त्यावर एका तुकडीत पाच ते सात मोटरसायकली पुरेशा होतात. त्याहून अधिक असल्यास दोन तुकड्या कराव्यात, दोन्हींमध्ये पंधरा-वीस मिनिटांचे अंतर ठेवावे आणि भेटीची ठिकाणे आधी ठरवावीत. बारा मोटरसायकलींची एक सलग रांग ओलांडताना मालमोटारीच्या चालकालाही धोका पत्करावा लागतो आणि रांगेलाही.

प्रत्येक तुकडीत दोन भूमिका ठरलेल्या असतात. पुढे असणारा लीड रायडर वाट, वेग आणि थांबे ठरवतो. सर्वांत शेवटी असणारा स्वीप रायडर कोणालाही मागे सोडून पुढे जात नाही. लीडसाठी सर्वांत वेगवान माणूस निवडण्याची प्रथा दिसते, ती चुकीची आहे. आरशात सतत मागे पाहणारा आणि इतरांना पेलेल असा वेग राखण्याचा संयम असलेला माणूस तेथे हवा. स्वीप मात्र सर्वांत अनुभवी असावा, कारण बिघाड, घसरणे, आजार यांना प्रथम तोंड त्यालाच द्यावे लागते. अवजारांची पिशवी आणि प्रथमोपचार पेटी त्याच्याकडेच असणे तर्कसंगत होय. त्या पुढच्या वाहनावर ठेवल्या, तर गरज पडेल तेव्हा त्या दहा किलोमीटर पुढे गेलेल्या असतात.

नवखे स्वार लीडच्या लगेच मागे ठेवावेत. रांगेच्या शेवटाकडील वाहनांना पुढच्यांच्या वेगातील प्रत्येक चढउताराची भरपाई करावी लागते. लीडने ताशी ४० किलोमीटरचा वेग राखला, तरी सहाव्या स्वाराला अंतर भरून काढण्यासाठी मधूनमधून ५५ ने जावे लागते.

निघण्यापूर्वी किमान दोन सराव सहली आवश्यक मानाव्यात. महाराष्ट्रातील मंडळींना ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी किंवा आंबोली हे घाट आहेत. दक्षिणेत राहणाऱ्यांना वालपराईच्या रस्त्यावरील ४० हेअरपिन वळणे किंवा तमिळनाडूतीलच कोल्ली डोंगरावरची ७० वळणे उपलब्ध आहेत. सरावात वेग पाहायचा नसतो. कोण थकल्यावर चिडतो, कोण थांबा मागायला संकोचतो, कोण सूचना ऐकतच नाही, हे तेथे कळते. सामान लादून आणि मागे कोणी बसणार असल्यास त्याला बसवूनच सराव करावा. चाळीस किलो अधिक वजनाची मोटरसायकल वळणावर आणि ब्रेक लावताना वेगळीच वागते.

श्रीनगरकडून जावे, मनालीकडून परतावे

लेहला जाण्याचे दोन प्रचलित मार्ग आहेत. श्रीनगर–लेह मार्ग सुमारे ४२० किलोमीटरचा आणि मनाली–लेह मार्ग अटल बोगद्यामुळे आता साधारण ४३० किलोमीटरचा आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या या बोगद्याने रोहतांग खिंडीचा वळसा टाळून ४६ किलोमीटर वाचवले. निम्मू–पदुम–दारचा हा शिंकू ला खिंडीतून जाणारा तिसरा, २९८ किलोमीटरचा रस्ता सीमा रस्ते संघटनेने मार्च २०२४ मध्ये जोडून घेतला. पहिल्याच खेपेस जाणाऱ्या समूहाने त्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

अंतरे जवळपास सारखी असली, तरी दोन्ही मार्गांचा शरीरावरील परिणाम अगदी भिन्न आहे. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटर उंचीवर आहे. तेथून सोनमर्ग सुमारे २,७०० मीटर, कारगिल २,६७६ मीटर आणि लेह सुमारे ३,५०० मीटर. वाटेत झोजी ला (३,५२८ मीटर) आणि फोटू ला (४,१०८ मीटर) या खिंडी ओलांडाव्या लागतात. परंतु दिवसा खिंड ओलांडणे वेगळे आणि रात्री त्या उंचीवर झोपणे वेगळे. या मार्गावरील मुक्कामांची उंची हळूहळू वाढते.

मनालीकडून चित्र पालटते. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. पहिला मुक्काम जिस्पा येथे सुमारे ३,२०० मीटरवर होतो, आणि दुसरा प्रायः सरचू येथे, सुमारे ४,२९० मीटरवर. म्हणजे एका रात्रीत अकराशे मीटरची वाढ. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, हा गिर्यारोहण-वैद्यकातील मान्य दंडक आहे. सरचूचा मुक्काम तो दुपटीहून अधिक प्रमाणात मोडतो. सरचूच्या तंबूंत डोके धरून रात्र काढणाऱ्यांची संख्या मोठी असते, यात नवल नाही.

खरा पेच त्यापुढे आहे. उंचीचा त्रास झाल्यास एकच खात्रीचा उपाय असतो, तो म्हणजे खाली उतरणे. पण सुमारे ४,६०० मीटरवरील पांग येथे कोणी गंभीर आजारी पडला, तर खाली उतरण्यासाठीही आधी वर चढावे लागते. लेहच्या बाजूस ५,३२८ मीटर उंचीची तांगलांग ला आहे. मनालीच्या बाजूस लाचुलुंग ला (सुमारे ५,०६५ मीटर), नकी ला आणि नंतर बारालाचा ला (सुमारे ४,८९० मीटर) अशा तीन खिंडी आहेत. हा टप्पा वाडग्यासारखा आहे, आत शिरल्यावर काठ ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. म्हणून या टप्प्यात शिरण्यापूर्वीच शरीर उंचीला सरावलेले असणे, हा नियोजनाचा गाभा मानला पाहिजे.

श्रीनगरकडून प्रवेश करून, लेह परिसरात चार-पाच रात्री काढून, मग मनालीमार्गे परतणारा समूह हा टप्पा ओलांडतो तेव्हा तो उंचीला सरावलेला असतो. मनालीकडूनच जायचे असेल, तर मनालीत एक आणि जिस्पा किंवा केलाँग येथे दोन रात्री काढाव्यात. मग सरचूला मुक्काम करावा लागला, तरी झेप तेवढीच राहिली तरी तिची तीव्रता कमी होते. लेहला पोहोचल्यावर दोन रात्री विश्रांती घेतल्याशिवाय खारदुंग ला किंवा पँगाँगकडे निघू नये. रजा मोजकी असल्यामुळे हाच दिवस सर्वांत आधी कापला जातो. रजाच कमी असेल, तर पँगाँग वगळावे, विश्रांती वगळू नये.

दिवसाचे गणित

मैदानी महामार्गाचा हिशेब येथे लावल्यास फसगत होते. थांबे धरून ताशी २५ ते ३० किलोमीटर हाच सरासरी वेग गृहीत धरावा. १५० किलोमीटर म्हणजे पाच-सहा तास. सकाळी सहाच्या सुमारास निघावे आणि दुपारी तीन-चारपर्यंत मुक्कामी पोहोचावे.

लवकर निघण्यास आणखी एक कारण आहे. बारालाचाच्या अलीकडे-पलीकडे रस्ता अनेक ठिकाणी नाल्यांतून जातो. हे पाणी हिमनद्यांचे आणि बर्फाचे असते. रात्री गोठण थांबवते तेव्हा प्रवाह क्षीण होतो, ऊन चढले की वाढतो. सकाळी आठ वाजता घोट्याएवढा असलेला नाला दुपारी तीनला गुडघ्यापर्यंत येऊ शकतो. नाल्यापाशी रांगेने थांबावे, एकाने पायी किंवा नजरेने तळ पाहावा आणि पहिला पार झाल्यावरच दुसऱ्याने उतरावे. पहिल्या गिअरमध्ये, एकसमान थ्रॉटलवर, क्लच न दाबता पार व्हावे. मध्येच इंजिन बंद पडले आणि सायलेन्सरमध्ये पाणी गेले, तर ढकलत बाहेर काढणेच बरे. उलट भल्या पहाटे याच ठिकाणी रस्त्यावर पसरलेले पाणी गोठून काळसर, न दिसणारा बर्फ झालेला असतो. त्यामुळे सप्टेंबरअखेरीस पहाटे पाचला निघण्याचा उत्साह आवरावा.

हंगामाबाबत स्पष्ट सांगायचे, तर जूनमध्ये खिंडींत बर्फाच्या भिंती दिसतात आणि नाले भरलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये लडाख पर्जन्यछायेत कोरडे असले, तरी कुलू-मनालीपर्यंतचा रस्ता दरडी आणि पुराच्या तडाख्यात सापडतो. जुलै २०२३ मधील बियास नदीच्या पुराने हा महामार्ग ठिकठिकाणी वाहून नेला होता. सप्टेंबरचा पूर्वार्ध थंड असला, तरी तुलनेने सर्वांत स्थिर असतो. कोणत्याही महिन्यात कार्यक्रमात दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि परतीचे आरक्षण त्यांना धरूनच करावे. झोजी ला येथे वाहतूक अनेकदा वेळा ठरवून एकेका दिशेने सोडली जाते. आदल्या संध्याकाळी वाहतूक पोलिसांची सूचना पाहिल्याशिवाय निघू नये.

वळणावर

सरळ रस्त्यावर समूहाने आडवीतिडवी रचना ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे एक स्वार मार्गिकेच्या उजव्या बाजूस तर त्यामागचा डाव्या बाजूस. वळणे सुरू होताच ही रचना मोडून एकेरी रांग करावी, कारण वळणावर प्रत्येकाला मार्गिकेची पूर्ण रुंदी लागते. अंतरही वाढवावे. ताशी ४० किलोमीटर वेगात एका सेकंदात ११ मीटर अंतर कापले जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंतचा हा एक सेकंद आणि कोरड्या डांबरावर थांबण्यास लागणारे सुमारे १० मीटर मिळून २१ मीटर होतात. हीच बेरीज सैल खडीवर ३० मीटरच्या पुढे जाते. वळणापलीकडचा रस्ता जेवढा दिसतो, तेवढ्यातच थांबता येईल असा वेग ठेवावा. या एका नियमात घाटातील वाहन चालवण्याचे बरेचसे शास्त्र येते.

वेग वळणापूर्वी, वाहन सरळ असतानाच कमी करावा, गिअर तेव्हाच बदलावा आणि वळणात हलका, स्थिर थ्रॉटल ठेवावा. नजर वळण जेथे संपते तेथे असावी. कठड्याकडे किंवा दरीकडे पाहणाऱ्याचे वाहन तिकडेच ओढले जाते. उजव्या वळणावर मध्यरेषेला चिकटून जाणाऱ्या स्वाराचे चाक आपल्या बाजूस असते, परंतु झुकलेले डोके आणि खांदा समोरच्या मार्गिकेत गेलेला असतो. येणाऱ्या ट्रकसाठी तेवढे पुरते. डाव्या हेअरपिनवर चढताना वरून येणारे लांब वाहन संपूर्ण रस्ता व्यापते. तेथे हॉर्न देऊन थांबणे हेच योग्य. सरचू आणि नकी ला यांच्या दरम्यान गाटा लूप्स नावाची २१ वळणांची माळ आहे. ती टाळून सरळ चढणाऱ्या कच्च्या पायवाटा मोहात पाडतात, त्यांवर जाऊ नये.

उतारावर इंजिनाचा रोध वापरावा. ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरावे. न्यूट्रलमध्ये उतरणारा पेट्रोल वाचवतो आणि ब्रेक जाळतो. तापलेल्या डिस्कचा ब्रेक ऐनवेळी नरम पडतो. रस्ता अरुंद असेल तेथे चढणाऱ्या वाहनास वाट देणे नियमानेही बंधनकारक आहे, आणि लष्करी ताफा आल्यास संपूर्ण तुकडीने एका बाजूस थांबावे. ताफ्यातील दोन ट्रकांच्या मध्ये घुसून पुढे जाण्याचा प्रयत्न या रस्त्यावरील सर्वांत निरर्थक साहस होय.

समूहाने एकमेकांशी जोडलेले राहण्यासाठी साधा नियम पुरतो. प्रत्येकाने केवळ आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यावी. फाटा आला, की मागचा दिसेपर्यंत थांबावे. आरशात तो बराच वेळ दिसला नाही तरीही थांबावे. अशा रीतीने एक थांबला की त्याच्या पुढचा थांबतो आणि निरोप आपोआप लीडपर्यंत पोहोचतो. पुढच्याचा पाठलाग करण्याची गरजच उरत नाही, आणि नवखा स्वार स्वतःच्या वेगाने येऊ शकतो. लडाखमध्ये अन्य राज्यांतील प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. पण केलाँगच्या पुढे दीर्घ टप्प्यांत कोणतेच जाळे भरवशाचे नाही. त्यामुळे भ्रमणध्वनीवर आधारलेली योजना ही योजना नव्हे.

वाहन आणि इंधन

समुद्रसपाटीच्या तुलनेत तांगलांग लाच्या माथ्यावर हवेचा दाब जवळपास निम्मा असतो. इंजिनाची शक्तीही त्याच कारणाने सुमारे चाळीस टक्क्यांपर्यंत घटते. फ्युएल इंजेक्शन असलेली वाहने हवा-इंधनाचे प्रमाण स्वतः जुळवून घेतात, जुनी कार्बोरेटरची वाहने धूर सोडत चढतात. दोन्हींची शक्ती मात्र कमी होतेच. चढावर क्लच अर्धा दाबून रेटत राहिल्यास क्लच प्लेट जळते, आणि या मार्गावरील वाहने बंद पडण्याचे ते नेहमीचे कारण आहे. बाहेरचा दाब घटल्याने टायरमधील हवेचा गेजवरील दाब उंचीवर वाढलेला दिसतो. तो सकाळी, टायर थंड असताना तपासावा.

चंद्रा आणि भागा नद्यांच्या संगमावरील तांदी येथील पेट्रोलपंपावर ‘पुढील पंप ३६५ किलोमीटरवर’ असा फलक वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे. परतीच्या दिशेने लेह किंवा कारू येथे टाकी भरावी. लिटरमागे ३० किलोमीटर धरल्यास या टप्प्यास १२ लिटर लागतात. खालच्या गिअरमधील चढ आणि वळसे यांसाठी त्यात तीन लिटर मिळवावेत. पंधरा लिटरची टाकी असलेल्यांचे जेमतेम भागते, तेरा लिटरवाल्यांना धातूचा डबा बाळगावा लागतो. तो सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूस बांधावा. तुकडीतील सर्वांत लहान टाकी हीच संपूर्ण तुकडीची टाकी समजावी.

सुटे भाग प्रत्येकाने सर्व बाळगण्याऐवजी वाटून घ्यावेत. क्लच व थ्रॉटल केबल, ब्रेक पॅड, स्पार्क प्लग, चेन लिंक, ट्यूब, पंक्चर किट आणि हवा भरण्याचा पंप एवढे तुकडीत असलेच पाहिजे. सर्वांची मोटरसायकल एकाच प्रकारची असेल, तर हे ओझे निम्म्यावर येते.

परतण्याचा निर्णय

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोपमोड ही उंचीच्या त्रासाची सौम्य लक्षणे आहेत. ती असताना आणखी वर जाऊन झोपू नये. सरळ रेषेत टाचेला बोटे लावून चालता न येणे, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप, फेसाळ खोकला ही मेंदूवर किंवा फुप्फुसांत पाणी चढल्याची चिन्हे असतात, आणि तेव्हा वाट पाहण्यास अवकाश नसतो. अशा माणसाला मोटरसायकल चालवू न देता मिळेल त्या चारचाकीतून त्वरित उतरवावे. ॲसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध उपयुक्त आहे, मात्र ते घरून निघण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे विशेषत्वाने पाहावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या पहिल्या रात्री तरी वर्ज्य कराव्यात. बोटावरील ऑक्सिमीटर सोबत असावा, पण आकडा बरा आहे म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये.

अडचण वैद्यकीय ज्ञानाची नसतेच. आजारी पडलेला माणूस इतरांची सहल बिघडू नये म्हणून गप्प राहतो. यावर एकच तोड आहे. निघण्यापूर्वी सर्वांच्या साक्षीने ठरवावे, की कोणी एकाने ‘परत’ म्हटले, तर त्यावर मतदान होणार नाही. त्याच्यासोबत कोण उतरेल, त्याची मोटरसायकल कोण आणेल आणि वाढीव खर्च सामायिक रकमेतून कसा जाईल, हेही तेव्हाच लिहून ठेवावे. मनालीत सहज सुटणारे हे प्रश्न पांगच्या तंबूत, रात्री दोन वाजता सुटत नाहीत.

कागदपत्रे आणि वाहतूक

वाहन परवाना, नोंदणीपत्र, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्ये असले, तरी जाळे नसलेल्या भागासाठी छापील प्रती ठेवाव्यात. वाहन दुसऱ्याच्या नावावर असल्यास त्याचे संमतिपत्र घ्यावे. चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही भारतीय मानक आयएस ४१५१ नुसारचे हेल्मेट बंधनकारक आहे. हनुवटीसह पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेटच येथे कामाचे. लडाखबाहेरून भाड्याने आणलेल्या मोटरसायकलींनी नुब्रा वा पँगाँगकडे जाण्यास स्थानिक व्यावसायिकांच्या संघटनांचा विरोध असतो. त्या सहलींसाठी लेहमध्येच वाहन भाड्याने घेण्याची तरतूद खर्चात करावी. केलाँग सोडल्यावर लेहपर्यंत एटीएमचा भरवसा नसल्याने रोख रक्कम दोघातिघांत विभागून ठेवावी.

महाराष्ट्र, गोवा किंवा दक्षिणेतून जाणाऱ्यांपुढे मैदानी प्रदेशातील लांबच्या अंतराचा प्रश्न असतोच. त्या अंतराने आलेला थकवा घेऊन झोजी ला चढण्यापेक्षा मोटरसायकल रेल्वेने पाठवणे अनेकांना सोयीचे वाटते. त्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि नोंदणीपत्र व ओळखपत्राच्या प्रती द्याव्या लागतात. वेष्टन स्थानकाबाहेरच करून मिळते. स्वतः त्याच गाडीने जात असल्यास लगेज म्हणून, अन्यथा पार्सल म्हणून नोंद होते. पार्सल ठरल्या दिवशी पोहोचेलच असे नसल्याने ते आपल्या आधी तीन-चार दिवस रवाना करावे, आणि आरसे काढून घ्यावेत.